अमेरिकेत उपाध्यक्षपदाचा उमेदवार कसा ठरतो आणि आपण तो कसा पारखायचा: नव्या मतदारांसाठी

२०२४ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा. आम्ही फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहतो आणि त्या दिवसांत इथे दुसरा विषयच नव्हता. कमला हॅरिस यांच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी कोण उभं राहणार हे ठरायचं होतं, आणि आमचे गव्हर्नर जॉश शापिरो यांचं नाव अगदी शेवटच्या नावांत होतं. नव्या जोडीची पहिली सभा फिलाडेल्फियातच होणार हे कळल्यावर तर सगळ्यांनी शापिरो धरूनच टाकले. ६ ऑगस्टला सकाळी नाव आलं ते मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांचं.

त्या दिवशी मला सात-आठ फोन आले. बहुतेक नुकतेच नागरिक झालेल्या मराठी मंडळींचे. हे ठरवतं कोण? प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, आपण मत दिलं तेव्हा हे नाव कुठे होतं? उपाध्यक्षाला वेगळं मत द्यायचं असतं का? प्रश्न रास्त होते. मी २०१५ मध्ये नागरिक झाले आणि २०१६ मध्ये पहिलं मत दिलं, तेव्हा मलाही हे कुणी समजावलं नव्हतं. नागरिकत्वाच्या परीक्षेत संविधानावरचे प्रश्न असतात, पण पक्ष माणूस कसा निवडतात हे त्यात येत नाही. गेल्या दोन निवडणुकांत मी नव्या मतदारांना मदत करते आहे. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढते.

आधी हे जवळ ठेवा

- तुमची मतदार नोंदणी चालू आहे का ते राज्याच्या निवडणूक संकेतस्थळावर तपासा. घर बदललं असेल तर पत्ताही.
- अमेरिकी संविधानाचं दुसरं कलम, १२वी आणि २५वी दुरुस्ती. तीन-चार पानांचं वाचन आहे, एका बैठकीत होतं.
- काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकी संसदेचं, अधिकृत संकेतस्थळ. सिनेटर किंवा प्रतिनिधी असलेल्या उमेदवाराने आणलेली विधेयकं आणि त्याची मतं तिथे सापडतात.
- संघीय निवडणूक आयोगाचं, म्हणजे एफईसीचं संकेतस्थळ. कुणी कुणाला किती देणगी दिली ते तिथे दिसतं.
- एक साधी वही. नाव जाहीर झालं की बातम्यांचा पूर येतो आणि आठवड्यापूर्वी काय वाचलं होतं ते आठवत नाही.

१. आधी पद समजून घ्या

उपाध्यक्षाला संविधानाने दिलेली रोजची कामं फार थोडी आहेत. तो सिनेटचा अध्यक्ष असतो आणि तिथे मतं समसमान पडली तरच त्याला मत देता येतं. हे मत कधी कधी सगळं फिरवतं. कमला हॅरिस यांनी चार वर्षांत अशी ३३ मतं दिली, आजवरच्या कुठल्याही उपाध्यक्षापेक्षा जास्त. २०२२ चा हवामान आणि औषधांच्या किमतींबद्दलचा मोठा कायदा त्यांच्याच मताने सिनेटमधून पुढे गेला. १ जुलै २०२५ रोजी जे. डी. व्हान्स यांच्या मताने ट्रम्प यांचं करकपातीचं विधेयक सिनेटमध्ये मंजूर झालं.

पण या पदाचं खरं वजन वेगळ्याच ठिकाणी आहे. राष्ट्राध्यक्ष गेला किंवा पायउतार झाला की उपाध्यक्ष त्याच क्षणी राष्ट्राध्यक्ष होतो. आजवर नऊ जण असे झाले: आठ वेळा मृत्यूमुळे आणि एकदा, १९७४ मध्ये, निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे. विल्यम हेन्री हॅरिसन १८४१ मध्ये शपथ घेतल्यानंतर महिन्याभरात वारले आणि जॉन टायलर राष्ट्राध्यक्ष झाले. हॅरी ट्रुमन यांचं उदाहरण तर मी प्रत्येकाला सांगते. १९४४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची तब्येत ढासळत होती हे पक्षातल्या पुढाऱ्यांना दिसत होतं. म्हणून शिकागोच्या अधिवेशनात त्यांनी आधीचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस यांना बाजूला करून ट्रुमन यांना आणलं. ट्रुमन ८२ दिवस उपाध्यक्ष होते. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेले आणि त्यानंतर ट्रुमन यांना अणुबाँबच्या प्रकल्पाची नीट माहिती देण्यात आली. पुढे चारच महिन्यांत हिरोशिमा.

तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा: हा माणूस उद्या सकाळी राष्ट्राध्यक्ष झाला तर चालेल का? पुढच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहेत.

२. पात्रता पाहा

राष्ट्राध्यक्ष व्हायला जी अट, तीच उपाध्यक्ष व्हायला. हे १२व्या दुरुस्तीचं शेवटचं वाक्य सांगतं. वय किमान ३५, देशात किमान १४ वर्षं वास्तव्य आणि जन्मतः अमेरिकी नागरिकत्व.

तिसऱ्या अटीपाशी आपली मंडळी थबकतात. श्री ठाणेदार चिकोडीत जन्मले, बेळगावात वाढले आणि जानेवारी २०२३ पासून मिशिगनमधून अमेरिकी प्रतिनिधिगृहात आहेत. प्रतिनिधी व्हायला सात वर्षांचं नागरिकत्व पुरतं, सिनेटर व्हायला नऊ वर्षांचं. त्यामुळे तुम्ही-आम्ही तिथपर्यंत जाऊ शकतो. उपाध्यक्ष मात्र ठाणेदार होऊ शकत नाहीत, आणि मीही नाही. आपली इथे जन्मलेली मुलं होऊ शकतात. कमला हॅरिस ऑकलंडमध्ये जन्मल्या, निकी हेली साउथ कॅरोलायनात, बॉबी जिंदल लुईझियानात. आईवडील कुठून आले याने फरक पडत नाही.

इथे एक जुनी चुकीची समजूत हमखास ऐकू येते की राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्ष एकाच राज्याचे असूच शकत नाहीत. तसा नियम नाही. नियम इलेक्टरांवर, म्हणजे राज्याच्या वतीने राष्ट्राध्यक्ष-उपाध्यक्षांना प्रत्यक्ष मत देणाऱ्या प्रतिनिधींवर आहे: कुठल्याही राज्याच्या इलेक्टरांनी दोन्ही मतं आपल्याच राज्याच्या माणसांना द्यायची नाहीत. म्हणजे एका राज्याची जोडी झाली तर फक्त त्या राज्याची मतं अडतात. २००० मध्ये हा प्रश्न खराखुरा उभा राहिला. जॉर्ज बुश टेक्सासचे आणि डिक चेनीही तेव्हा टेक्सासमध्येच राहत होते. नाव जाहीर होण्याच्या चार दिवस आधी चेनींनी आपली मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. टेक्सासची मतं ३२ होती आणि बुश यांना अखेर मिळाली २७१. ती ३२ मतं चेनींना नसती मिळाली तर त्यांना बहुमत मिळालं नसतं आणि उपाध्यक्षाची निवड सिनेटकडे गेली असती.

३. निवडीचा अधिकार कुणाकडे आहे ते ओळखा

सुरुवातीला अमेरिकेत ही निवडच नव्हती. ज्याला सर्वाधिक मतं तो राष्ट्राध्यक्ष, दुसऱ्या क्रमांकाचा उपाध्यक्ष. त्यामुळे १७९६ मध्ये जॉन ॲडम्स राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांचे विरोधक जेफरसन उपाध्यक्ष. १८०० मध्ये जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे ॲरन बर या दोघांना ७३-७३ मतं पडली, आणि प्रतिनिधिगृहाला ३६ वेळा मतदान घ्यावं लागलं. १८०४ च्या १२व्या दुरुस्तीने दोन पदांची मतं वेगळी केली.

त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं हे नाव पक्षाचे पुढारी अधिवेशनात ठरवत. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला विचारतच असत असंही नाही. १९४० मध्ये रूझवेल्ट यांनी वॉलेस हवेत नाहीतर मी उभाच राहत नाही अशी भूमिका घेतली आणि तिथून पारडं फिरलं. १९५६ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी निवड अधिवेशनावर सोपवली. तेव्हा तरुण जॉन केनेडी थोडक्यात हरले आणि एस्टेस केफॉव्हर जिंकले. अलीकडे मात्र उमेदवार निवडतो आणि अधिवेशन शिक्कामोर्तब करतं.

म्हणून तुमच्या प्रायमरीच्या मतपत्रिकेवर हे नाव नसतं. तुम्ही ज्याला मत दिलं त्याला हे नाव निवडण्याचा अधिकारही दिलेला असतो. मला हे फार उशिरा उमगलं. प्रायमरीत मत देतानाच विचार करायला हवा की हा माणूस आपल्याजवळ कशी माणसं ठेवतो.

४. वेळापत्रक मांडा

प्रायमरी उन्हाळ्याच्या सुरुवातीला संपतात. अधिवेशनं जुलै-ऑगस्टमध्ये, सत्तेबाहेरच्या पक्षाचं आधी. नाव साधारणपणे अधिवेशनाच्या थोडं आधी येतं, कधी ऐन अधिवेशनात. ट्रम्प यांनी व्हान्स यांचं नाव १५ जुलै २०२४ ला, मिलवॉकीत अधिवेशन सुरू झालं त्याच दिवशी सांगितलं. ओबामांनी २००८ मध्ये बायडन यांचं नाव समर्थकांना पहाटे मोबाइलवर संदेश पाठवून कळवलं.

राज्यांच्या मतपत्रिकांवर नावं छापण्यासाठी मुदती असतात आणि त्या पाळाव्याच लागतात. २०२४ मध्ये ओहायोची मुदत ७ ऑगस्ट होती आणि डेमोक्रॅटिक पक्षाचं शिकागोचं अधिवेशन १९ ऑगस्टला सुरू होणार होतं. राज्याने पुढे मुदत वाढवली, तरी पक्षाने धोका न पत्करता राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीचं मतदान आधीच ऑनलाइन उरकलं. बायडन २१ जुलैला शर्यतीतून बाहेर पडले होते. म्हणजे हॅरिस यांना जोडीदार शोधायला जेमतेम सोळा दिवस मिळाले.

५. छाननी कशी होते ते समजून घ्या

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून इथे थोडा वेळ काढा. इकडे तिला व्हेटिंग म्हणतात. पूर्वी ती जवळपास होतच नसे. ती का सुरू झाली हे कळायला १९७२ ची एक गोष्ट माहीत हवी.

जॉर्ज मॅकगव्हर्न यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली, पण जोडीदार ठरला नव्हता. बऱ्याच जणांनी नकार दिला. अखेर मुदत संपत आली असताना मिसूरीचे सिनेटर टॉमस ईगलटन यांना फोन झाला. बोलणं काही मिनिटांचं. लपवण्यासारखं काही आहे का, असं विचारलं, त्यांनी नाही म्हटलं. तो दिवस १३ जुलै. मग बाहेर आलं की १९६० ते १९६६ या काळात ईगलटन नैराश्यासाठी तीन वेळा रुग्णालयात होते आणि त्यांना विजेच्या झटक्यांचे उपचार दिले गेले होते. मॅकगव्हर्न आधी म्हणाले की मी हजार टक्के त्यांच्या पाठीशी आहे. ३१ जुलैला ईगलटन यांना बाजूला व्हावं लागलं. अठरा दिवसांत सगळं संपलं. त्यांच्या जागी सार्जंट श्रायव्हर आले आणि नोव्हेंबरमध्ये निक्सन यांनी ४९ राज्यं जिंकली.

या गोष्टीतून लोक चुकीचा धडा घेतात. नैराश्यावर उपचार घेतलेला माणूस पदाला नालायक, असं काही नाही. ईगलटन पुढे १९८७ पर्यंत सिनेटर होते, मिसूरीच्या लोकांनी त्यांना आणखी दोनदा निवडून दिलं. आपल्या समाजात मनाच्या आजाराबद्दल अजूनही दबक्या आवाजात बोलतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. चूक होती घाईत, अर्धवट विचारलेल्या प्रश्नात आणि न दिलेल्या उत्तरात.

चार वर्षांनी जिमी कार्टर यांनी नेमकं उलट केलं. उमेदवारी निश्चित झाल्यावर अधिवेशनापूर्वी काही आठवडे हाताशी होते. त्यांनी यादी केली, कागदपत्रं मागवली, काही जणांना जॉर्जियातल्या प्लेन्स गावी आपल्या घरी बोलावून तासन्‌तास बोलणी केली आणि वॉल्टर मॉन्डेल यांना निवडलं. निवडून आल्यावर मॉन्डेल यांनी आपल्या कामाचं लेखी टिपण कार्टर यांना दिलं. त्यांना व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये खोली मिळाली आणि दर आठवड्याला राष्ट्राध्यक्षांबरोबर जेवणाची वेळ. आजचं उपाध्यक्षपद तिथून घडलं. निवड शांतपणे झाली की पुढचं कामही नीट लागतं, असं माझं मत आहे.

आता हे काम अनुभवी वकिलांचं पथक करतं. १९९२ मध्ये क्लिंटन यांच्यासाठी वॉरन ख्रिस्टोफर यांनी केलं, २०२४ मध्ये हॅरिस यांच्यासाठी माजी ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी. २००० मध्ये बुश यांच्यासाठी शोध घेणारे होते डिक चेनी आणि शेवटी निवड झाली त्यांचीच. मला ते कधीच पटलं नाही. इतरांची कपाटं उघडणाऱ्याचं स्वतःचं कपाट तितक्याच कडकपणे कोण उघडणार?

उमेदवाराकडून काय काय मागतात, याचा अंदाज यावा म्हणून:

- अनेक वर्षांची आयकर विवरणपत्रं, बहुतेकदा नवऱ्याची किंवा बायकोचीही
- घर, जमीन, शेअर, कर्ज, धंद्यातल्या भागीदाऱ्या
- तब्येतीची कागदपत्रं
- खटले, दंड, अटक, घटस्फोटाचे दस्तऐवज
- जुनी भाषणं, लेख, मुलाखती, सोशल मीडियावरच्या नोंदी
- सभागृहातली मतं. गव्हर्नर असेल तर सह्या केलेले आणि अडवलेले कायदे, दिलेल्या माफ्या
- घरकामाला किंवा मुलं सांभाळायला ठेवलेल्या माणसांचे पगार आणि त्यावरचा कर

शेवटची बाब क्षुल्लक वाटेल. १९९३ मध्ये ॲटर्नी जनरलपदासाठी नाव दिलेल्या झोई बेअर्ड यांना याच कारणावरून माघार घ्यावी लागली होती, तेव्हापासून हा प्रश्न सोडत नाहीत.

नवऱ्याचे किंवा बायकोचे व्यवहारही का पाहतात, ते १९८४ मध्ये दिसलं. जेराल्डिन फेरारो मोठ्या पक्षाच्या जोडीतल्या पहिल्या महिला उमेदवार. त्यांच्या पतीच्या जमीनजुमल्याच्या धंद्यावरून आणि विवरणपत्रांवरून इतका गदारोळ झाला की त्यांना जवळपास दोन तास पत्रकारांच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागलं. त्यांनी ते धीराने निभावलं, पण प्रचाराचे मोलाचे दिवस त्यात गेले.

२००८ मध्ये जॉन मॅकेन यांनी सारा पेलिन यांना निवडलं तेव्हाची घाईही अशीच. दोघांची सविस्तर समोरासमोर भेट झाली ती नाव जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी. सुरुवातीला सभांना प्रचंड गर्दी झाली. सप्टेंबरमधल्या दूरचित्रवाणी मुलाखतींनंतर त्यांच्या तयारीबद्दल शंका वाढत गेल्या.

तर वहीत तीन नोंदी करा: शोधाला किती दिवस मिळाले, शोधपथकाचं नेतृत्व कुणाकडे होतं, आणि दोघांची आधीपासून ओळख किती होती.

६. फुटलेल्या नावांवर जीव टाकू नका

जून-जुलैमध्ये रोज एक नवं नाव येतं. त्यातली काही खरी असतात. काही एखाद्या प्रांताला किंवा गटाला बरं वाटावं म्हणून सोडलेली असतात, काही लोकांची प्रतिक्रिया पाहण्यासाठी. भारतीय वंशाचं नाव आलं की आपल्या व्हॉट्सॲप गटांवर अभिनंदनाचे संदेश सुरू होतात. २००८ मध्ये जिंदल यांच्या नावावर हे झालं, पुढे हेलींच्या. २०२० मध्ये हॅरिस यांची निवड झाल्यावर आणि २०२४ मध्ये उषा व्हान्स व्यासपीठावर आल्यावर दोन्ही बाजूंच्या घरांत तोच आनंद मी पाहिला.

आनंद होऊ द्या, मलाही झाला होता. पण "आपला माणूस" एवढ्यावर मत ठरवू नका. हॅरिस यांची आई तमिळनाडूची म्हणून व्हिसाच्या रांगेबद्दल त्यांचं मत अमुक असेल, किंवा उषा व्हान्स यांचे आईवडील आंध्रातले म्हणून त्यांच्या पतीचं मत तमुक असेल, असं गृहीत धरणारी सुशिक्षित माणसं मला भेटली आहेत. ते भाषणांत आणि मतदानात शोधावं लागतं, आडनावात सापडत नाही.

७. राज्याचं गणित तपासून घ्या

"याला घेतला की त्याचं राज्य खिशात" हे तुम्ही टीव्हीवर शंभर वेळा ऐकाल. १९६० मध्ये केनेडींनी लिंडन जॉन्सन यांना घेतलं आणि टेक्सास सुमारे ४६ हजार मतांनी जिंकलं, हे नेहमीचं उदाहरण. दुसरी बाजू कमी सांगितली जाते. १९८८ मध्ये लॉइड बेंट्सन यांचं टेक्सास त्यांच्या जोडीच्या हातून गेलं, २००४ मध्ये जॉन एडवर्ड्स यांचं नॉर्थ कॅरोलायना, २०१२ मध्ये पॉल रायन यांचं विस्कॉन्सिन.

२०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या इलेक्टरांची १९ मतं ट्रम्प यांना गेली. शापिरो असते तर वेगळं झालं असतं का, यावर आमच्याकडे अजून वाद होतो. वर दिलेली तीन राज्यं पाहता मला तसं वाटत नाही.

उमेदवार प्रत्यक्षात बऱ्याचदा आपली उणीव भरून काढायला जोडीदार घेतो. ओबामा सिनेटमध्ये नवे होते, त्यांनी परराष्ट्र समितीचे अध्यक्ष बायडन यांना घेतलं. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी माइक पेन्स यांना घेतलं ते धार्मिक मतदारांचा विश्वास मिळावा म्हणून. पण १९९२ मध्ये क्लिंटन यांनी हा नियम मोडला. शेजारच्याच राज्याचे, साधारण त्याच वयाचे, तशाच विचारांचे अल गोर त्यांनी निवडले आणि निवडून आले.

सिनेटर निवडला तर त्याची जागा कोण भरणार, हेही पाहा. बहुतेक राज्यांत तात्पुरती नेमणूक गव्हर्नर करतो. व्हान्स यांच्या जागी ओहायोच्या गव्हर्नरांनी जॉन ह्यूस्टेड यांना नेमलं. २००० मध्ये कनेटिकटचे जो लिबरमन उपाध्यक्ष झाले असते, तर त्यांची जागा रिपब्लिकन गव्हर्नरच्या हाती गेली असती. काठावरच्या सिनेटमध्ये अशी एक जागा मोठी ठरते.

८. नाव आल्यावर घाईने मत बनवू नका

पहिले दोन-तीन दिवस फक्त वाचा. दोन्ही पक्ष आपापलं चित्र रंगवण्यात गुंतलेले असतात. माझा क्रम असा:

आधी काम. सिनेटर असेल तर मतं आणि विधेयकं, गव्हर्नर असेल तर राज्याचा अर्थसंकल्प आणि सह्या केलेले कायदे. राज्यातल्या स्थानिक वर्तमानपत्रांचे जुने अंक उघडा. राष्ट्रीय वाहिन्यांना तो माणूस काल कळलेला असतो, स्थानिक वार्ताहर त्याला दहा-वीस वर्षं पाहत आलेले असतात.

मग पैसा. उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला आपल्या मालमत्तेचं आणि कर्जाचं विवरण भरावं लागतं आणि ते सर्वांना पाहता येतं. त्यात नेमके आकडे नसतात, "इतक्यापासून इतक्यापर्यंत" अशा पट्ट्या असतात. आयकर विवरणपत्र जाहीर करणं मात्र कायद्याने सक्तीचं नाही.

मग दोघांमधले मतभेद. पूर्वी हा माणूस आपल्याच नेत्याबद्दल काय बोलला होता? मत बदललं असेल तर कारण सांगितलं का?

शेवटी वादविवाद. उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांचा बहुधा एकच होतो. २०२४ मध्ये १ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये व्हान्स आणि वॉल्झ यांचा झाला. तो पूर्ण पाहा, कापलेल्या चित्रफिती नकोत.

९. मतपत्रिकेवर एकच खूण

राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष दुसऱ्याचा असं मत देता येत नाही. जोडीची नावं एकत्र छापलेली असतात आणि खूण एकच. पुढे डिसेंबरमध्ये इलेक्टर मात्र दोन पदांसाठी वेगवेगळी मतं देतात. उपाध्यक्षाला बहुमत मिळालं नाही तर सिनेट निवडतं. तसं आजवर एकदाच झालं, १८३६ च्या निवडणुकीनंतर.

मध्येच पद रिकामं झालं तर २५वी दुरुस्ती लागू होते. राष्ट्राध्यक्ष नाव देतो, दोन्ही सभागृहं बहुमताने मान्यता देतात. १९७३ मध्ये स्पायरो ॲग्न्यू यांनी करचुकवेगिरीच्या प्रकरणात राजीनामा दिला आणि जेराल्ड फोर्ड या वाटेने उपाध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी निक्सन गेले आणि फोर्ड राष्ट्राध्यक्ष झाले. दोन्ही पदांसाठी देशाने त्यांना कधी मत दिलं नव्हतं.

१०. तुम्ही काय करू शकता आणि काय करायचं नाही

या भागात चूक झाली तर ती महागात पडते, म्हणून नीट वाचा.

मत देणं आणि मतदार नोंदणी करणं फक्त नागरिकांसाठी आहे. ग्रीन कार्ड असलं तरी नाही. बऱ्याच राज्यांत वाहन परवान्याच्या कार्यालयात "मतदार म्हणून नोंदवू का?" असं विचारतात आणि माणूस सवयीने हो म्हणून मोकळा होतो. नागरिक नसताना असं केलं तर पुढचा नागरिकत्वाचा अर्ज अडू शकतो, देश सोडायची वेळही येऊ शकते. खिडकीवरचा कर्मचारी चुकून पुढे करेल, तरी तुम्ही नाही म्हणा.

देणगी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देऊ शकतात. एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला एक डॉलरही देता येत नाही. पुण्याच्या काकांनी हौसेने पाठवलेले पैसे आपल्या नावाने भरणं हा गुन्हा आहे. दुसऱ्याच्या पैशाने आपल्या नावावर देणगी देताच येत नाही, मग तो दुसरा कुठल्याही देशाचा असो. व्हिसावरचा माणूस बिनपगारी स्वयंसेवक होऊ शकतो, दारोदार फिरू शकतो, फोन करू शकतो. पैसा कुठे खर्च करायचा, प्रचार कसा चालवायचा अशा निर्णयांत मात्र त्याने पडायचं नाही.

आपली बहुतेक महाराष्ट्र मंडळं करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली असतात. अशा संस्थेला कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. गणेशोत्सवाच्या मंचावरून "यांना मत द्या" म्हणू नका, मंडळाच्या ईमेल यादीवर सभेचं आमंत्रण टाकू नका. सगळ्यांसाठी मतदार नोंदणीचं टेबल मांडता येतं. आम्ही दर वर्षी मांडतो, मोदकांच्या रांगेशेजारीच.

आणि मुदत विसरू नका. पेनसिल्व्हेनियात नोंदणी मतदानाच्या १५ दिवस आधी बंद होते. इतर राज्यांत तारीख वेगळी, काही ठिकाणी महिनाभर आधीची. नागरिकत्वाची शपथ घेतली त्याच आठवड्यात अर्ज भरून टाका.